पस्तीस दिवस आणि त्यानंतर

पुणेकरांच्या तोंडी 'येरवडा' हे नाव एखाद्या वस्तीचे म्हणून फारसे येत नाही. कोणी भलतेसलते वागू लागला की 'याला येरवड्याला पोहोचवा' असे म्हणण्याची इथली जुनी वहिवाट आहे, आणि त्या वाक्याचा रोख तिथल्या तुरुंगाकडे आहे की वेड्यांच्या इस्पितळाकडे, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ताडायचे असते. समाजाने आपल्या नजरेआड ठेवण्याची तजवीज केलेल्या दोन प्रकारच्या माणसांसाठी उभारलेल्या या दोन वास्तू नदीपलीकडे वर्षानुवर्षे शेजारधर्माने नांदत आहेत. त्यांपैकी दुसरीच्या आवारात, सरकारी मनोरुग्णालयाच्या जागेत, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा आरंभ झाला. ज्या घरातल्या आईबापांची सारी शक्ती मुलाचे व्यसन शेजाऱ्यांपासून लपविण्यात खर्ची पडत होती, त्या घराला उपचारासाठी 'येरवडा' हाच शब्द उच्चारावा लागावा, हा स्थळाचा दोष म्हणावा की गुण, याविषयी मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकाला तो गुण वाटतो. कारण ज्या कुटुंबाने तो उंबरठा ओलांडला, त्याची कबुलीची पहिली पायरी दारातच चढून झालेली असे.

तोवर मराठीत 'गर्द' म्हटले की डोळ्यांपुढे झाडी येत असे. १९८० नंतरच्या दशकात या शब्दाने मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून निराळाच अर्थ धारण केला. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा उतरल्या, आणि त्या मुलुखातल्या अफूच्या व्यापाराच्या जुन्या वाटा विस्कटून त्यांतील एक वाट हिंदुस्थानातून जाऊ लागली. वाटेवरच्या गावांत माल सांडतोच. हेरॉइनचे हे अशुद्ध, तपकिरी रूप 'ब्राउन शुगर' या गोडसर नावाने पुडीपुडीने विकले जाऊ लागले. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर ती पूड ठेवून खालून काडीची आच द्यायची आणि वर धावणारा धूर नळीने ओढायचा, ही विद्या महाविद्यालयांच्या कट्ट्यांपर्यंत पोहोचली. दारूला माणूस पुरता ताब्यात घ्यायला पुष्कळदा वर्षे लागतात, गर्दला काही आठवडे पुरत. पुडी चुकली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडून काढणाऱ्या वेदना, पोटात पिळवटा आणि रात्रंदिवस जागरण असे जे सुरू होई, त्याला ही मुले आपसांत 'टर्की' म्हणत, आणि ती टळावी एवढ्यासाठी घरातली भांडी विकीत. नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांविषयीचा केंद्र सरकारचा कडक कायदा अमलात आला. त्याने बाळगणाऱ्याचा व विकणाऱ्याचा बंदोबस्त सांगितला. पण ओढणाऱ्याच्या आईने त्याला घेऊन कोठे जावे, याचे उत्तर फौजदारी कचेरीत मिळण्याजोगे नव्हते.

ते उत्तर शोधण्याचे काम एका लेखमालेने सुरू केले, ही गोष्ट मराठी वाङ्मयव्यवहाराला भूषणावह आहे. वैद्यकाची पदवी घेऊनही दवाखान्यात न रमता 'पूर्णिया'पासून पुढे सतत दुर्बलांच्या वस्त्यांतून हिंडत लिहिणारे डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी जे लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि अशा मुलांसाठी काही उभे राहावे म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. महाराष्ट्र पु. लं.ची पुस्तके वाचताना आणि त्यांचे प्रयोग पाहताना जे पोट धरून हसला, त्या हसण्याचाच हा पैसा होता. परंतु पैसा आणि कळकळ या दोहोंनी संस्था होत नाही. तिला रोजच्या रोज उठून काम ओढणारे माणूस लागते. ते अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या रूपाने आयतेच लाभले होते. त्या त्याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरीत होत्या. सरकारी नोकरीतील डॉक्टर, सरकारी आवारातील जागा, खाजगी देणगी आणि एका लेखकाचे मित्रमंडळ, अशा चार भिन्न धाग्यांनी विणलेल्या या कारभाराला दप्तरी भाषेत काय नाव द्यावे, हा प्रश्न एखाद्या कारकुनाला नक्कीच पडला असता.

मुक्तांगणाने नवे काय केले हे समजून घ्यावयाचे, तर त्याआधी आपल्याकडे व्यसन सोडविण्याचे कोणते मार्ग होते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. सरकारचा मार्ग बंदीचा होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला एक तर परवानाधारक केले नाहीतर आरोपी, आणि या दोहोंमध्ये 'रुग्ण' नावाचा तिसरा वर्ग असू शकतो हे मानावयास समाजाला पुढे पुष्कळ वर्षे लागली. घराचा मार्ग शपथेचा होता. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, देवाचा अंगारा लावून, आईच्या मृत्युशय्येपाशी घेतलेल्या या शपथा घेताना बहुतेक वेळा खऱ्या असत, आणि म्हणूनच त्या मोडल्यावर माणूस आतून अधिक मोडे. आणि तिसरा मार्ग, ज्याची थोरवी शिकलेल्या लोकांनी कधी नीट मोजलीच नाही, तो तुळशीची माळ घालण्याचा. गळ्यात माळ पडली की मद्यमांस वर्ज्य. आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून या एका माळेने जितके संसार सावरले, तितके कोणत्याही खात्याने सावरले नसतील, असे मानावयास जागा आहे. परंतु माळ टिकते ती केवळ प्रतिज्ञेच्या बळावर टिकते काय? माळकऱ्याला दर पंधरवड्याची एकादशी असते, गावातले भजन असते, दिंडीत ठरलेली जागा असते, आणि तो दिसला नाही तर 'बुवा आले नाहीत' म्हणून विचारणारी माणसे असतात. शपथ घेणाऱ्याला यांतले काहीच नसते. त्याच्यापाशी असतो तो एकच क्षण, आणि त्या क्षणानंतरची लांबच लांब, एकट्याने काढावयाची संध्याकाळ. मुक्तांगणाच्या चार दशकांचा इतिहास म्हणजे, एका अर्थाने, शपथेकडून वारीकडे झालेला प्रवास आहे.

आरंभी मात्र सर्वांचे लक्ष साहजिकच शरीराकडे होते. गर्दची टर्की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते आणि आठवडाभरात ओसरते; दारू एकाएकी तुटली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येण्याचे आणि पुढे भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसण्याचे भय असते, त्यात प्राणही जाऊ शकतो, म्हणून हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो. यासाठी औषधे आहेत आणि ती आपले काम चोख करतात. पण हे काम आठ-दहा दिवसांचे! त्यानंतर माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, त्याच्या गालांवर तुकतुकी येते, आणि त्याला न्यायला आलेले वडील 'बरा झाला, आता घेऊन जातो' म्हणतात. या वाक्याइतके घातक वाक्य व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात दुसरे नसावे. देहातून विष उतरले एवढेच झालेले असते. ज्या मनाने त्या विषाला बोलावले ते मन जसेच्या तसे, उलट आता ताजेतवाने होऊन, घरी परत निघालेले असते. दारू पिताच ओकारी आणि धडधड व्हावी असे डायसल्फिराम हे औषध १९४८ साली कोपनहेगनमध्ये दोन संशोधकांच्या हाती लागले, तेव्हा आता प्रश्न सुटला असे जगाला काही काळ वाटले होते. औषध उपयुक्त आहे, परंतु ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावयाचे असते. आमटीतून चोरून घालावयाचे नव्हे. 'गुपचूप दारू सोडवा' असल्या जाहिराती रेल्वेच्या डब्यांतून आणि मुताऱ्यांच्या भिंतींवरून आजही दिसतात, त्यांवर विश्वास ठेवणाऱ्या बायकांची अगतिकता समजू शकते, तो कागद छापणाऱ्याची निर्दयता समजत नाही.

देहशुद्धीनंतरच्या या मोकळ्या दिवसांचे काय करावयाचे, यातूनच पस्तीस दिवसांच्या मुक्कामाची घडण झाली. सकाळची उठण्याची वेळ, प्रार्थना, व्यायाम व योगासने, झाडलोट, चर्चा, गटसभा, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे, संध्याकाळी गाणी, असा तो क्रम. वरवर पाहता एखाद्या वसतिगृहासारखा. डॉ. अनिता अवचट यांचा आग्रह असा, की मारहाण नाही, साखळदंड नाहीत, अपमान नाही. ज्याच्यावर घरातल्या सर्वांनी, खुद्द त्यानेसुद्धा, विश्वास ठेवण्याचे सोडून दिले आहे, त्याच्यावर विश्वास टाकावयाचा आणि मग काय होते ते पाहावयाचे. व्यसनी माणसाला 'धडा शिकविण्या'वर ज्या देशात अजूनही लोकांची श्रद्धा आहे, आणि कोंडून घालणाऱ्या कोंडवाड्यांनाही ज्या देशात 'केंद्र' ही पाटी लावता येते, तेथे हा आग्रह किती धाडसाचा होता हे सांगावयास नको. अनिल अवचट तेथे कागदाच्या घड्यांतून पक्षी करीत, लाकूड कोरीत, बासरी वाजवीत, मुलांत बसत. हे विरंगुळ्याचे चाळे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याच्या हातांना काही वर्षे पुडी उलगडण्याखेरीज कोणतेच कसब उरले नव्हते, त्याच्या हातून एक कागदी बगळा नीट उभा राहणे ही उपचाराचीच गोष्ट होय.

परंतु या सर्वांहून अवघड काम बोलण्याचे. दाखल होणाऱ्यांपैकी फार थोडे आपण होऊन आलेले असतात. कोणाला बायकोने माहेरी जाण्याची धमकी दिलेली, कोणाला साहेबांनी नोकरीवरून काढण्याची शेवटची नोटीस दिलेली. असा गृहस्थ समुपदेशकापुढे बसतो तो फिर्यादीच्या वकिलापुढे बसल्यासारखा. 'मी काय रोज घेत नाही', 'माझ्या पैशाची पितो', 'मनात आणलं तर उद्या सोडीन', ही त्याची तयार कैफियत असते. त्याच्याशी वाद घातला, तर तो वादात जिंकतो, कारण या एका विषयावरचे सगळे मुद्दे त्याने वर्षानुवर्षे घोटलेले असतात. १९८३ साली विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या संवादाची एक निराळी रीत मांडली. माणूस व्यसनाविषयी मुळातच द्विधा असतो, त्याला सोडावेसेही वाटते आणि सोडवतही नाही. तेव्हा समुपदेशकाने एका बाजूचे वकीलपत्र घेतले की रुग्ण हटकून दुसऱ्या बाजूचे घेतो. म्हणून विचारावयाचे ते असे: गेल्या वर्षात असा कोणता दिवस आठवतो की त्या दिवशी प्यायलो नसतो तर बरे झाले असते? मग तो स्वतःच सांगू लागतो, की मुलीच्या शाळेत बक्षीससमारंभ होता आणि ती आपल्याला फाटकातूनच परत पाठवीत होती. आरोप दुसऱ्याने केला असता तर त्याने इन्कार केला असता. हा त्याचा स्वतःचा जबाब आहे, तो फिरविणे कठीण. 'तुम्ही प्रेरणा दिलीत' असे लोक समुपदेशकाला म्हणतात तेव्हा ते अर्धवट खरे असते. प्रेरणा त्या माणसापाशीच असते, पण ती गहाण पडलेली असते.

हा जबाब ऐकण्याचे काम मुक्तांगणात पुष्कळदा असा माणूस करतो की जो एके काळी स्वतः त्याच खाटेवर होता. बरे झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते व समुपदेशक करण्याची ही परंपरा संस्थेने आरंभापासून जपली, आणि माझ्या मते तिच्या यशाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका शेअरदलालाने एका शल्यविशारदाला गाठून उपदेशाऐवजी स्वतःच्या पिण्याची कहाणी सांगितली, आणि त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची चळवळ जन्मली, तिचेही तत्त्व हेच होते. तिच्या बारा पायऱ्यांचे शिक्षण मुक्तांगणाच्या उपचारक्रमात मुरलेले आहे. जो या वाटेने गेला आहे त्याच्यापुढे थापा चालत नाहीत. रुग्ण 'पगार बँकेत अडकलाय' म्हणू लागतो, आणि समोरचा हसून 'मीही हेच सांगायचो, फक्त मी पतपेढी म्हणायचो' असे म्हणतो. इथे पहिली भिंत कोसळते. अर्थात स्वानुभव म्हणजे शास्त्र नव्हे. आपण ज्या वाटेने सुटलो तीच सर्वांची वाट, असा भ्रम स्वानुभवी माणसाला सहज होतो. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णाला तो 'मन खंबीर कर' म्हणून बसतो. म्हणून अशा कार्यकर्त्याला शिक्षण लागते, मनोविकारतज्ज्ञाची आणि मानसशास्त्रज्ञाची कुमक लागते.

ही कुमक देणाऱ्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे. पुढे १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था उभारणाऱ्या या मनोविकारतज्ज्ञाचे मुक्तांगणाशी असलेले नाते जुने. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसाला कळेल अशा भाषेत येथल्या गटांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा वाटा मोठा. एलिसचे म्हणणे असे, की घटना आपल्याला दुःखी करीत नाही, घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो ते करते. हे वाक्य भिंतीवर लिहून काही होत नाही. ते एखाद्या दिवसावर लावून पाहावे लागते. समजा, गटारी अमावस्येचा दिवस आहे. घरी जाऊन दोन महिने झालेला गृहस्थ रात्री प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी सांगतो, 'मेव्हण्याने आग्रह केला, नाही म्हणता आलं नाही.' समुपदेशक त्याला मागे मागे नेतो. मेव्हण्याकडे का गेलात? मटण आणायचं होतं. मटणाचे दुकान तर घराजवळ आहे? मग हळूहळू कळते, की सकाळी बायकोने त्याने आणलेली मोड पुन्हा मोजून पाहिली होती. त्या वेळी तो काहीच बोलला नव्हता, पण मनाशी म्हणाला होता, 'दोन महिने कोरडा राहून जर चोरच ठरायचं, तर उपयोग काय?' म्हणजे ज्याला तो रात्रीचा निर्णय समजत होता, तो सकाळी साडेआठ वाजताच झालेला होता. दुकान बदलणे, लांबचा रस्ता घेणे, पाकिटात शंभराची जास्त नोट ठेवणे, हे सगळे त्याच्या अंमलबजावणीचे कागद. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली ज्युडिथ गॉर्डनबरोबर लिहिलेल्या ग्रंथात हीच साखळी उलगडली आहे: पुन्हा पिण्याचे बहुतेक प्रसंग खट्टू झालेले मन, माणसामाणसांतला कलह आणि मित्रांचा आग्रह या तिघांपैकी कोणत्यातरी एका दारातून आत येतात. गटात ही साखळी एकदा कडीकडीने उलगडली, की तीच कडी दुसऱ्या दहा जणांना आपल्या घरात दिसू लागते. आणि मग धडा असा ठरतो, की मेव्हण्याला नकार कसा द्यावा याच्या आधी, मोड मोजणाऱ्या बायकोशी कसे बोलावे हे शिकले पाहिजे.

त्या बायकोचे काय, हा प्रश्न संस्थेच्या इतिहासात लवकरच उभा राहिला, आणि त्यातून 'सहचरी' हा पत्नींचा गट निघाला. व्यसनी माणसाच्या घरात दोन आजारी माणसे असतात. एक बाटलीच्या मागे, दुसरे त्या माणसाच्या मागे. वर्षानुवर्षे ती पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी उभी राहिलेली असते, साहेबांना 'ताप आलाय' म्हणून खोटे सांगत आलेली असते, खिसे तपासणे हा तिचा धर्म झालेला असतो. नवरा पस्तीस दिवसांनी परत आला म्हणून हा धर्म एका रात्रीत सुटत नाही. उलट, आता काही चमत्कारिक दुःखे नव्याने सुरू होतात. इतकी वर्षे घराचा सगळा कारभार तिने एकटीने रेटला. आता हा शुद्धीवर आलेला गृहस्थ 'माझं मत कोणी विचारीत नाही' म्हणून फुरंगटून बसतो. तिच्या मनातला इतक्या वर्षांचा राग, जो भीतीमुळे दाबलेला होता, तो आता, धोका टळल्यावर, बाहेर येतो. आणि नातेवाईक म्हणतात, 'आता तर तो सुधारलाय, आता का भांडतेस?' या प्रश्नाचे उत्तर तिला देता येत नाही. सहचरीच्या गटात तिला ते देता येते, कारण तिथे बसलेल्या सगळ्या जणींच्या मनात तोच राग असतो, आणि तो शब्दांत मांडल्याबद्दल तिथे कोणी तिला कृतघ्न म्हणत नाही. तेथे तिला सांगतात, की त्याची बाटली हा तुझा गुन्हा नाही आणि त्याची व्यसनमुक्ती ही तुझी नोकरी नाही. शिवणाचा वर्ग असेल तर जा, मैत्रिणीकडे जा, झोप. कौटुंबिक उपचारांवर पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु 'झोप' हा सल्ला ज्या बाईला दहा वर्षांत कोणी दिला नव्हता, तिला त्याची किंमत पुस्तकाहून जास्त वाटली तर नवल नाही.

व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर बहुसंख्येने त्यातून सुटले, असे ली रॉबिन्स या विदुषीने १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते, आणि त्याचे एक कारण असे मानले गेले, की ज्या परिसराने त्यांना व्यसन दिले तो परिसर हजारो मैल मागे राहिला होता. आपल्या रुग्णाचे नेमके उलट आहे. त्याला परतावयाचे असते ते त्याच चाळीत, त्याच नाक्यावर, 'बसायचं का?' या दोनच शब्दांत सगळे सांगणाऱ्या त्याच मित्रांत. म्हणून पस्तिसावा दिवस हा शेवटचा दिवस समजण्याऐवजी पहिला समजावयाचा, ही दृष्टी संस्थेला आली, आणि पाठपुराव्याची व्यवस्था वाढत गेली. बाहेर पडलेल्याने ठरल्या दिवशी हजेरी लावावयाची. पुण्यात येणे परवडत नाही म्हणून निरनिराळ्या गावांत पाठपुराव्याची केंद्रे. एखादा आला नाही तर पत्र, फोन, आणि कार्यकर्त्याची घरी फेरी. एकादशीला न दिसलेल्या बुवांची चौकशी करणाऱ्या माणसांची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

या हजेरीला इतके महत्त्व का, हे 'स्लिप', म्हणजे सोडल्यानंतर पाय घसरणे, या शब्दाने कळते. शपथेच्या हिशेबात एक घोट म्हणजे सर्व भांडवल बुडाले. 'आता मोडलीच आहे तर मोडू दे' असे म्हणून माणूस पहिल्या पेल्यानंतर जो दहा दिवस उठतच नाही, तो दारूने बुडत नाही इतका या विचाराने बुडतो. मार्लटने या पडझडीला शास्त्रीय नाव दिले, आपल्या घरांतून ती पिढ्यानुपिढ्या माहीत होती. उपचाराच्या हिशेबात स्लिप हा दाखला आहे, निकाल नव्हे. कोणत्या कडीवर साखळी तुटली ते पाहावयाचे, नोंदवावयाचे, आणि पुढल्या खेपेस ती कडी पक्की करावयाची. २००० साली टॉमस मॅक्लेलन व त्याच्या सहकाऱ्यांनी व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा या चिवट आजारांशी करून असे दाखविले, की उपचारानंतर वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात असते, आणि त्या इतर आजारांत पथ्य मोडून पुन्हा बिघडणाऱ्यांचे प्रमाणही त्याहून फारसे कमी नसते. मधुमेह्याची साखर वाढली तर डॉक्टर त्याला 'तुझ्यात इच्छाशक्ती नाही' म्हणून हाकलून देत नाहीत, गोळी बदलतात. व्यसनी माणसाला मात्र आपण हाकलून देत आलो. याच तुलनेत संस्थांच्या यशाच्या आकड्यांविषयीही एक इशारा दडलेला आहे. अमुक टक्के बरे झाले असे छातीठोक सांगणारे केंद्र भेटले, तर किती वर्षांनी मोजले आणि जे हजेरीला आलेच नाहीत त्यांना कोणत्या रकान्यात टाकले, एवढे दोन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत.

काळाच्या ओघात गर्दच्या मुलांसाठी काढलेल्या या घरात दारूचे रुग्ण संख्येने पुढे गेले, हे सहज घडले. सरकारमान्य दुकानात मिळणाऱ्या विषाचा प्रसार चोरून विकल्या जाणाऱ्या विषाहून अधिक असावा, यात आश्चर्य नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि त्यांपैकी मदतीची गरज असलेले साडेपाच कोटींहून अधिक असल्याचे नोंदले आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमध्ये एखाद्यालाच कोणतातरी उपचार मिळतो, हेही त्याच दप्तरात आहे. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग संस्थेने पुढे सुरू केला. तो आरंभापासून नव्हता, याची टोचणी इतिहास लिहिणाऱ्याने नोंदविली पाहिजे; पिणाऱ्या पुरुषाला समाज बिघडलेला म्हणतो आणि पिणाऱ्या बाईला नासलेली म्हणतो, त्यामुळे तिला दारापर्यंत आणणारेच कोणी नसते, हे त्याचे कारण असले तरी.

डॉ. अनिता अवचट कर्करोगाशी झुंजत १९९७ साली गेल्या. संस्थापकाच्या मृत्यूनंतर संस्था कशा खचतात, याची उदाहरणे महाराष्ट्राला शोधावी लागत नाहीत. इथे तसे झाले नाही, कारण त्यांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला होता ते रुग्णच आता संस्था चालवीत होते, आणि त्यांच्या जोडीला मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली डॉ. अनितांची कन्या, मुक्ता पुणतांबेकर, उभी राहिली. मनोरुग्णालयाचे आवार सोडून संस्था मोहनवाडीत, आळंदी रस्त्यावर, स्वतःच्या इमारतीत आली. परगावची केंद्रे, प्रशिक्षणाची कामे यांचा व्याप वाढला. डॉ. अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती संस्थेपुढच्या याच आळंदी रस्त्याने, आणि त्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या माणसांत पाचव्या दिवसाचा कोण आणि पंचविसाव्या वर्षाचा कोण, हे ओळखू येत नाही.

ओळखू येते ते व्यसनमुक्तीच्या वाढदिवसाला. मुक्तांगणात माणसाचे वय त्याच्या शेवटच्या पेल्यापासून मोजतात, आणि पांढऱ्या केसांचा एखादा गृहस्थ उभा राहून 'आज मला तीन वर्षे झाली' असे म्हणतो, तेव्हा त्याची नातवंडे टाळ्या वाजवितात. अशा सभेत कधी असाही कोणी उठतो की ज्याचा आकडा एके काळी नऊ वर्षांपर्यंत गेला होता. तो पडला, काही महिने तोंड लपवून राहिला, मग पत्र आले, फोन आला, आणि एके दिवशी कोणीतरी दारात येऊन बसले. त्याला त्याची पाळी आल्यावर आकडा सांगावा लागतो. तो खाली पाहत म्हणतो, 'सत्तेचाळीस दिवस.' टाळ्या त्यालाही तेवढ्याच पडतात, आणि शेजारचा थोडे सरकून त्याला बाकावर जागा करून देतो.